उगारे फाउंड्रीची भंगार विक्री

दुपारच्या जेवणापर्यंत माझ्या मनगटावरचा पट्टा अकरा वेळा थरथरला होता. प्रत्येक थरथर म्हणजे एक कर्ज. आमच्या कंपनीनं घेतलेलं, माझ्या सहीनं घेतलेलं आणि मी विचार करायच्या आत घेऊन टाकलेलं. डबा उघडला आणि बारावं आलं, चाळीस लाख, एक्केचाळीस दिवसांसाठी. भाकरीचा तुकडा मोडून मी तो तसाच हातात धरून बसले.

पट्टा काढून ठेवता येत होता. पण काढला की जास्तच तगमग व्हायची, म्हणून मी तो आंघोळीलासुद्धा काढत नसे. गेले तीन आठवडे मी एका जागी दहा मिनिटं बसले असेन तर शपथ.

मी विदुला उगारे. शिक्षणानं सीए, वय सत्तेचाळीस. पुण्यात वीस वर्षं नोकरी केली, बाणेरला स्वतःच्या कमाईचा फ्लॅट घेतला आणि चार वर्षांपूर्वी, 'दोनच वर्षं' असं स्वतःला बजावून कोल्हापूरला आले. शिरोलीत आमची फाउंड्री आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनांचे आणि पंपांचे लोखंडी भाग आम्ही ओततो. एकशे बारा माणसं कामाला आहेत. आण्णा, म्हणजे माझे वडील बाबगोंडा उगारे, ऐंशीला टेकले तरी रोज सकाळी येतात, तयार मालाच्या ढिगाशी स्टूल टाकून बसतात आणि छोट्या हातोडीनं एकेक नग ठोकून बघतात. चांगला नग घंटेसारखा वाजतो. आत तडा असला की बद्द आवाज येतो. तडे शोधायची दोन यंत्रं आमच्याकडे आहेत, पण ते आण्णांना सांगायची हिंमत कुणात नाही.

मी आले तेव्हा कंपनीवर एक रुपयाचं कर्ज नव्हतं. आण्णांना त्याचा अभिमान होता आणि मला त्याचा संताप यायचा. का, ते सांगते.

कंपनीला शंभर रुपये नफा झाला तर साधारण पंचवीस सरकारला जातात आणि पंचाहत्तर मालकाच्या हाती उरतात. तेच शंभर रुपये बँकेला व्याज म्हणून दिले तर तो खर्च धरतात, आणि खर्चावर कर नसतो. म्हणजे स्वतःच्या पैशानं धंदा करणाऱ्याला कर जास्त, दुसऱ्याच्या पैशानं करणाऱ्याला कमी. हा नियम माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे. मग सगळ्यांनीच गळ्यापर्यंत कर्ज का घेतलं नाही? कारण कर्ज फार झालं की एखाद्या मंदीत कंपनी बुडते. किती म्हणजे फार, हे मात्र कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. लोक अंदाजानं, शेजाऱ्याकडे बघून ठरवायचे आणि बहुतेक जण भिऊन कमीच घ्यायचे. त्या भीतीपोटी देशातल्या प्रत्येक कारखान्यात थोडे पैसे आणि थोडी ऐपत रिकामी पडून असायची.

ती भीती २०३६ साली संपली. आधी कंपन्यांचा कर रोज संध्याकाळी सहाला आपोआप वळता होऊ लागला, त्यामुळे व्याजाचा फायदा त्याच दिवशी डोळ्यांना दिसायला लागला. मग 'तोल' आला. हे यंत्र कंपनीचे जुने हिशेब, ऑर्डरी, लोखंडाचे भाव, रस्त्यावरचे ट्रक, धरणांतलं पाणी असं सगळं वाचतं आणि ही कंपनी पुढच्या नव्वद दिवसांत बुडण्याची शक्यता किती, ते दर तासाला सांगतं. एका पारड्यात वाचणारा कर, दुसऱ्यात बुडण्याची किंमत. दोन्ही सारखी होतात तिथपर्यंत तो स्वतःच बाजारातून कर्ज उचलतो. एक पैसा कमी नाही आणि एक जास्त नाही.

शेजारच्या फाउंड्रीनं तोल घेतला, तिचा भांडवलाचा खर्च उतरला आणि तिनं किलोमागं चार रुपये भाव पाडला. आमच्या दोन ऑर्डरी तिकडं गेल्या. मी आण्णांशी आठ दिवस भांडले. शेवटी ते म्हणाले, तुला कळतंय ते कर. मी बत्तीस वर्षांचे हिशेब तोलला वाचायला दिले.

निकाल बघून मी खुर्चीतून उठले होते. आजूबाजूच्या फाउंड्र्यांना तोल धंद्यात गुंतलेल्या दर रुपयामागं पन्नास पैशांच्या आसपास कर्ज झेपेल म्हणायचा. आम्हाला अडुसष्ट. तुमची कंपनी मंदीत विलक्षण टिकाऊ आहे, असं त्यानं लिहिलं होतं. मला वाटलं, ही आण्णांच्या कामाची पावती. तो कागद छापून मी त्यांच्या स्टुलामागच्या भिंतीवर लावला. त्यांनी तो वाचला आणि ते पुन्हा नग ठोकायला लागले. मला तेव्हा राग आला होता.

आता मंदी आली होती. ट्रॅक्टरवाल्यांनी तीन महिन्यांच्या ऑर्डरी पुढं ढकलल्या. शेजारपाजारचे तोल कर्ज कमी करत होते आणि आमचा वाढवत होता. हेच मला खात होतं. त्या दुपारी डबा तसाच झाकून मी तोलचा सगळा तर्क उघडला आणि ओळीमागून ओळ वाचायला बसले. तिसऱ्या पानावर सापडलं. या तिमाहीत दोन कोटी चाळीस लाख रुपये हमखास येणार, असं तो धरून चालला होता. समोर लिहिलं होतं, मंदी-आधार: भंगार विक्री.

मी मागची पानं काढली. २००९ची मंदी, भंगार विक्री नऊ लाख. २०२०, टाळेबंदीचं साल, एकतीस लाख. २०२९, एक कोटी साठ लाख. मधल्या चांगल्या वर्षांत शून्य. धंदा जितका खाली, तितकं भंगार वर. तोलनं त्यातून नियम काढला होता आणि त्या नियमावर आमच्या नावानं कर्ज उचललं होतं. भंगार विक्रीची ओळ कुठल्याही कारखान्याच्या हिशेबात असते, म्हणून चार वर्षांत मी तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

मी तशीच उठले आणि मागच्या यार्डात गेले. यार्ड दस्तगीर मुल्लाणींकडे आहे, गेली तेहतीस वर्षं. मी विचारलं, आपल्याकडे विकायला भंगार किती निघेल.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला लहानपणी पाढा चुकल्याची आठवण झाली.

"ताई, फाउंड्री भंगार इकती व्हय? आपण भंगार इकत घेतोय. ओतताना नगाला चिकटून ऱ्हायल्यालं रनर, रायझर, खराब नग, समदं परत भट्टीतच जातंय की."

मी तिथंच उभी राहिले. फाउंड्रीचं पोट भंगारावर चालतं, हे यार्डातल्या मांजरालाही ठाऊक असेल. सीए झालेल्या मालकाच्या मुलीला नव्हतं, कारण ती यार्डात कधी आलीच नव्हती. मी विचारलं, मग २०२० साली एकतीस लाखांचं काय विकलं? दस्तगीरमामा हातमोजे झटकायला लागले. म्हणाले, ते आण्णांनाच विचारा.

आण्णा स्टुलावर होते. मी कागद त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी चष्मा वर केला, तिन्ही आकडे वाचले आणि हातोडी मांडीवर ठेवली.

"कशाला काढायलीस ते जुनं?"

मी सांगितलं, यंत्र त्यावर कर्ज काढतंय. तिमाही संपायला एकोणीस दिवस आहेत. दोन कोटी चाळीस लाख आले नाहीत तर त्या दिवशी कर्ज देणाऱ्यांची यंत्रं दोन्ही भट्ट्या ताब्यात घेतील, कुणाला विचारणारसुद्धा नाहीत. भट्ट्या गेल्या की एकशे बारा माणसं घरी जातील.

मग त्यांनी सांगितलं. २००९ला माळावरचा प्लॉट विकला होता. २०२९ला गावचं शेत. काम नव्हतं, पण ज्याला कामावर घेतलं त्याला कामाअभावी घरी पाठवायचं नाही, असा आजोबांपासूनचा रिवाज. तो कुठं लिहिलेला नाही. पगार करायला पैसे तर हवे होते. मालकानं कंपनीला कर्ज दिलं असं दाखवलं असतं तर बँकेत बोभाटा झाला असता. भांडवल म्हणून घातलं असतं तर चुलत भावांच्या सह्या लागल्या असत्या. भंगाराबद्दल कोण विचारतंय? म्हणून तसं लिहिलं.

"आणि वीस साली?"

आण्णा हातोडीचा दांडा पुसायला लागले. गाडी गेली, म्हणाले, ठेवी मोडल्या. आणि आईच्या पाटल्या.

आईच्या पाटल्या महापुरात गेल्या होत्या. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं. २०१९ला कुरुंदवाडचं घर सोडताना होडीत पिशवी राहिली, असं आईनंच मला पुढच्या वर्षी फोनवर सांगितलं होतं. मी तेव्हा परीक्षेच्या गडबडीत होते आणि वरून म्हणाले होते, तू वेंधळीच आहेस. आई २०३३ला गेली. तिनं शेवटपर्यंत तो वेंधळेपणा अंगावर वागवला, आणि मीही तिला तो दर दिवाळीला ऐकवला. आता ते शब्द परत घ्यायचे तर ऐकायला ती नव्हती. मला तिथं उभं राहवेना आणि तिथून जाताही येईना.

रडू येऊ नये म्हणून मी हिशेबाचं बोलले. म्हटलं, आण्णा, भंगार विक्री म्हणजे उत्पन्न. तुम्ही आईच्या पाटल्यांवर कर भरलात. कर्ज म्हणून दिलं असतंत तर कर लागला नसता, उलट तुम्हाला व्याज मिळालं असतं आणि त्या व्याजानं कंपनीचा कर वाचला असता. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं हे.

"तिच्या पाटल्यांवर व्याज घेऊ मी?" आण्णा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तू पण तसंच कर की. काय असंल ते इक आणि भंगारात लिही. यंत्राला तेवढंच पायजे ना?"

ते खरंच होतं, आणि म्हणूनच मी दोन दिवस जेवले नाही. बाणेरचा फ्लॅट विकला तर दोन कोटी पंचेचाळीस लाख येत होते. ते भंगार विक्री म्हणून लिहिले की तोलचा अंदाज बरोबर ठरला असता, अडुसष्टचा आकडा टिकला असता, कुणाला काही कळलं नसतं. पण तोल त्यातून चौथा धडा शिकला असता आणि पुढच्या मंदीवर आणखी मोठं कर्ज उचललं असतं. तेव्हा विकायला माझ्याकडे काय उरणार होतं? दुसरा रस्ता म्हणजे खरं सांगणं. जुन्या तिन्ही नोंदी दुरुस्त करायच्या, मालकानं घातलेले पैसे असं स्पष्ट लिहायचं. कर आम्ही जास्तच भरला होता, त्यामुळे सरकारची भीती नव्हती. पण तोलचा आकडा खाली आला असता आणि कर्ज देणाऱ्यांनी लगोलग हात आखडला असता. दोन्हीकडून फ्लॅट जात होता, म्हणजे माझा पुण्याचा परतीचा रस्ता जात होता. मी भयंकर चिडले होते. कुणावर, ते सांगता येत नव्हतं, कारण ज्यांच्यावर चिडायचं ते ऐंशी वर्षांचे होते आणि समोर बसून नग ठोकत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नोंदी दुरुस्त केल्या. पट्टा तीन मिनिटं गप्प होता. मग तोलनं विचारलं, मालकाच्या भांडवलावर करसवलत नाही, या रकमा मागील तारखेपासून कर्ज म्हणून दाखवाव्यात का? मी नाही म्हटलं. अडुसष्टचे एकोणपन्नास झाले. पंधरा दिवसांत तीन कोटी दहा लाख परत करायचे होते.

फ्लॅट सहा दिवसांत गेला. आण्णांच्या ठेवीचे तीस लाख होते. उरलेल्यासाठी मी लहान भट्टी विकायला काढली. नव्वद लाखांची भट्टी. त्या सकाळी जिल्ह्यात तशाच सात भट्ट्या विक्रीला होत्या, कारण सगळ्यांच्या तोलनं एकाच तासात एकच सल्ला दिला होता. प्रत्येक यंत्रानं आपल्या मालकाची बुडण्याची किंमत अचूक काढली होती, पण सगळे एकदम विकायला निघाले तर घेणार कोण, हे एकाच्याही हिशेबात नव्हतं. पूर्वी अशा वेळी कुणीतरी भित्रा माणूस पैसे बाळगून असायचा आणि स्वस्तात घ्यायचा. आता भित्रं कुणीच उरलं नव्हतं. आमची भट्टी पस्तीस लाखांना गेली. शेजारच्या फाउंड्रीच्या दोन्हींना गिऱ्हाईकच आलं नाही, आणि महिनाअखेर तिचं गेट बंद झालं. ज्यानं चार रुपये भाव पाडला तो मालक आमच्याकडे नोकरीचं विचारायला आला होता. त्याला चहा दिला, दुसरं काही देता आलं नाही.

आमचे पैसे चुकते झाले, त्या दिवशी सकाळी आण्णांनी सगळ्यांना यार्डात बोलावलं. त्यांना बोलायची सवय नाही. भंगाराचं काय ते त्यांनी मान खाली घालून, चोरी कबूल करावी तसं सांगितलं. आता विदुलानं तिचं घर घातलंय आणि ते तसंच लिहिलंय, एवढं बोलून थांबले. मग दस्तगीरमामा पुढं आले.

"आण्णा, आम्हाला ठावं होतं. भंगाराचा ट्रक कधी गेटाबाहेर गेलाच न्हाई. म्हणून तर आम्ही त्या त्या साली रविवारचं येऊन काम करत होतो, हजेरी न लावता."

आण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या रविवारांबद्दल त्यांना माहीतच नव्हतं. आणि मला आठवलं, प्रत्येक मंदीत आमचं माणशी उत्पादन वाढतं असंही तोलनं लिहून दिलं होतं. तीसेक वर्षं दोन्ही बाजूंनी एकमेकांना गुपचूप दिलं होतं, कुणी ते लिहिलं नव्हतं, आणि यंत्रानं त्या सगळ्याला नफा समजून त्यावर व्याजाचं ओझं चढवलं होतं. आण्णा स्टुलावर जाऊन बसले. बराच वेळ हातोडीचा आवाज आला नाही.

आम्ही एका भट्टीवर, आठवड्यातले चार दिवस काम चालू ठेवलं. कुणाला घरी पाठवलं नाही. मी कुरुंदवाडच्या घराला रंग द्यायला घेतला, कारण आता तेच घर होतं.

दोन महिने पट्टा जवळजवळ शांत होता. मग एका गुरुवारी, पावणेसहाला, तो जोरात थरथरला. तोलनं नवा तर्क मांडला होता. दुरुस्त केलेल्या तीन नोंदी आणि माझ्या फ्लॅटची चौथी. या कंपनीत प्रत्येक मंदीत मालक स्वतःची मालमत्ता विकून पैसे घालतात. हा आधार भरवशाचा दिसतो. मर्यादा एकोणपन्नासवरून पासष्ट करता येईल. दोन कोटी साठ लाखांचं कर्ज तयार आहे. उचलू का?

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. त्याला भंगाराचा अर्थ कळला होता आणि त्यानं तोही तारण धरला होता. त्याची काही चूक नव्हती. आमच्यात जे काही चांगलं दिसेल त्याच्यावर कर्ज काढायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं, आणि कायदा रोज संध्याकाळी सहाला त्याला शाबासकी देत होता.

मी मर्यादा हातानं एकोणपन्नासवर बांधून टाकली. तसं करता येतं, पण कुणी करत नाही. त्यानं लगेच हिशेब दाखवला. या निर्णयामुळे रोज सोळाशे तीन रुपये जास्त कर. मग एक रिकामा चौकोन आला, कारण लिहा. मी दोनदा काहीतरी लिहून खोडलं. सावधगिरी, बाजारातील अनिश्चितता वगैरे. सहाला एक मिनिट कमी असताना मी लिहिलं, आईच्या पाटल्या.

त्या चौकोनात काहीही चालतं. तोलनं ते मान्य केलं.

तेव्हापासून रोज सहाला पट्टा एकदाच थरथरतो आणि सोळाशे तीन रुपये दाखवतो, खाली माझंच कारण. आण्णा तोपर्यंत घरी जायला निघालेले असतात. दाराशी थांबून विचारतात, "गेले काय आईचे?"

"गेले," मी म्हणते, आणि त्यांचा डबा उचलून गाडीत ठेवते.